पडद्यावर ‘आऊट’ आलं तेव्हा

माझी मुलगी फुटबॉलच्या मॅचना रेफरी असते. हे सांगितलं की समोरची बाई हमखास विचारते, "म्हणजे नक्की काय करते हो?" मी सांगते, शिट्टी वाजवते आणि शिव्या खाते. मग आम्ही दोघी हसतो. पण ती मैदानात उतरली की मला जी धास्ती वाटते, ती हसून जात नाही. इतकी वर्षं झाली, अजून जात नाही.

बेलपाड्यात आम्ही दोघीच राहतो. तिचे वडील गेले तेव्हा ती कॉलेजात होती. खारघरचे टॉवर आता इतके उंच झालेत की आमच्या अंगणात ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. माझी शाळा चौथीतच सुटली, वाचायची खोड मात्र सुटली नाही. ती रेफरीच्या परीक्षेला बसली तेव्हा तिने मराठीत उतरवून घेतलेले नियम मी मांडीवर घेऊन बसायची, आणि ती भाकऱ्या थापता थापता उत्तरं द्यायची. चुकली की मी भाकरी करपेपर्यंत सोडायची नाही. त्यामुळे ऑफसाईड म्हणजे काय ते मला कळतं. आमच्या आळीतल्या निम्म्या पुरुषांना कळत नाही, पण ओरडायला तेच पुढे.

तर सांगते काय, यंदा पनवेलच्या एका मंडळाने फुटबॉलची स्पर्धा भरवली. या मंडळाचं नाव खरं तर टेनिस बॉलच्या क्रिकेटसाठी. गावागावांच्या टीम, मैदानाच्या कडेला मोठा एलईडी पडदा, मोबाइलवर थेट प्रक्षेपण, माइकवर दोन-दोन कॉमेंटेटर, सगळा थाट. यंदा पोरांनी हट्ट धरला की फुटबॉल पाहिजे, म्हणून फुटबॉल. पडदा तोच, माणसं तीच, माइक तोच.

फायनलच्या आधी मंडळाचे तिघे जण आमच्याकडे आले. मी चहा टाकला. अध्यक्ष म्हणाले, "ताई, फायनल तुमीच घ्यायची. दोन्ही टीम म्हणतायत, रेफरी तीच पाहिजे."

मुलीने विचारलं, "फायनलला गावं कुठली आलीत?"

त्यांनी सांगितली. एक डोंगराकडचं गाव. आणि दुसरं खाडीकडचं, म्हणजे माझं माहेर. माझा सख्खा धाकटा भाऊ तिथे राहतो, त्याच गावातली पोरं खेळणार.

मुलगी म्हणाली, "मग मी नको. ते माझं आजोळ आहे."

अध्यक्ष हसायलाच लागले. "आजोळ म्हंजे काय गाव झालं का? गाव बापाचं असतंय. तुमी बेलपाड्याच्या. आमचा नियम एवढाच हाय की दोन्ही गावातला रेफरी नको. तुमी दोन्हीतल्या नाय."

"तरी समोरच्यांना विचारा."

त्यांनी तिथल्या तिथे डोंगराकडच्या टीमच्या मॅनेजरला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. तोही हसला. "अहो, मामाकडं भाची पाहुणी असते. त्यात काय एवढं? येऊ द्या त्यांना."

झालं. सगळे हसले. मी कपबशा उचलत होते. मला हसू आलं नाही. यांच्या हिशेबात बाईला लग्नानंतर माहेरचं गाव उरतच नाही, ते ठीक. पण उद्या काही कमी-जास्त झालं की हाच हिशेब उलटा फिरायला वेळ लागणार नाही, असं मला आतून वाटत होतं. मुलीने तर स्वतःच सांगितलं होतं, मी आणखी काय बोलणार?

मग व्हिडिओचं निघालं. सेक्रेटरी मोठ्या अभिमानाने म्हणाला, "यंदा आपल्याकडे थर्ड अंपायर पण हाय ताई. मोठ्या मॅचला टीव्हीवर असतंय तसं. काही शंका आली की पडद्यावर बघायचं."

ती म्हणाली, "चालेल. पण तीन गोष्टी. मी मागितला तरच व्हिडिओ लावायचा. आधी मी एकटीने लॅपटॉपवर बघणार. आणि मी निर्णय देईपर्यंत मोठ्या पडद्यावर काही दाखवायचं नाही."

"हो हो."

"आणि कॅमेरा कुठे ठेवणार?"

"गोलच्या मागं, मचाणावर. दोन्ही गोलच्या मागं एकेक. क्रिकेटला ठेवतो तसाच."

"क्रिकेटला बॉल सरळ येतो हो, म्हणून तिथे मागचा कॅमेरा चालतो. फुटबॉलला बाजूला पाहिजे, अर्ध्या रेषेजवळ. एक तरी बाजूला ठेवा."

"बघू ताई. वायर तिथवर पोचली तर ठेवू."

खरं सांगू? माझ्या मनाला त्या दिवशी एक गोष्ट बरी वाटली होती ती म्हणजे हा व्हिडिओच. आजवर ती मैदानात एकटी असायची. ती म्हणेल ते खरं, आणि लोकांना पटलं नाही की तिच्या आईचा उद्धार. आता निदान साक्षीला चित्र असेल, कुणी खोटं पाडायला लागलं तर चित्र तिची बाजू घेईल, असं मला वाटलं. देवळात जाऊन मी नारळसुद्धा ठेवून आले.

फायनलच्या दिवशी दुपारीच आम्ही पनवेलला पोचलो. मैदान भरलं होतं. बायकांसाठी एका कडेला मांडव घालून खुर्च्या मांडल्या होत्या, तिथे वहिनीने माझी जागा धरून ठेवली होती. भाऊ दोरीला टेकून उभा. त्याची छाती फुगलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोय, "ती पिवळ्या शर्टवाली हाय ना, ती आपली भाची." मी त्याला खूण केली, गप्प बस. तो म्हणाला, "बाय, सांगू नको तर काय करू? मामा हाय मी तिचा!"

वायर काही अर्ध्या रेषेपर्यंत पोचली नव्हती. कॅमेरे दोन्ही गोलांच्या मागे, मचाणांवर.

मॅच बरोबरीत चालली होती. ऊन कललं, धूळ सोनेरी दिसायला लागली. मी मॅच बघत नाहीच कधी, मी तिला बघते. ती धावत असते, वळते, हात वर करते, कुणाला काही सांगते. तोंडावर काही दिसू देत नाही. घरी डाळीला फोडणी देताना हिचं तोंड किती चालतं, आणि इथे दगड.

आणि मग, मॅच संपायला थोडाच वेळ राहिला असताना, माझ्या माहेरच्या टीमने गोल केला.

कसा झाला ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कडेकडून एका पोराने बॉल उंच टाकला. दुसरा पोरगा गोलसमोर उभा होता, कोपर वाकवून, अंग तिरकं करून. बॉल खाली आला, त्याच्या मांडीला लागला आणि जाळीत गेला. माझी मुलगी बाजूला, अगदी सरळ रेषेत उभी होती. तिने मधल्या वर्तुळाकडे हात केला. गोल.

डोंगराकडची पोरं दोन्ही हात नाचवत तिच्याकडे धावली. "हात! मॅडम, हाताला लागला!" फुटबॉलचा नियम असा आहे, की गोल करणाऱ्याच्या हाताला बॉल लागला असेल तर मुद्दाम लागो की चुकून, तो गोल नाही. ती मान हलवत होती. नाही लागला.

तिने व्हिडिओ मागितलाच नव्हता. पण पडद्यावाल्या पोरांचे हात क्रिकेटच्या सवयीचे. तिकडे काही गडबड झाली की इकडे आपोआप रिप्ले सुरू. मोठ्या पडद्यावर बॉल आला. सावकाश. इतका सावकाश, की जणू पाण्यात बुडतोय. कॅमेरा समोरून, म्हणजे गोलच्या मागून. बॉल खाली येतो, येतो, आणि पोराच्या कोपराला झाकून टाकतो. मग मांडी, मग जाळी.

सगळ्या मैदानाने एकदम श्वास घेतला, असा आवाज झाला.

माइकवरचा ओरडला, "बघा, बघा मायबाप प्रेक्षक! हात साफ दिसतोय! काय देणार थर्ड अंपायर?" परत रिप्ले. परत कोपर. लोक ओरडायला लागले, "आऊट! आऊट!" फुटबॉलमध्ये आऊट काय असतं, देव जाणे. पण वर्षानुवर्षं याच पडद्यासमोर हेच ओरडायची सवय.

आणि पडद्यावर लाल चौकट आली. त्यात मोठ्या अक्षरांत ‘आऊट’.

त्या पडद्यावाल्या पोराकडे म्हणे क्रिकेटच्याच पाट्या होत्या, दुसऱ्या बनवल्याच नव्हत्या. हे आम्हाला नंतर कळलं. सवयीने बोट गेलं, म्हणाला. पण त्या वेळी मैदानात कुणाला काय ठाऊक? लोकांच्या दृष्टीने निकाल लागला. डोंगराकडची माणसं नाचायला लागली. ढोल वाजला. आणि मैदानाच्या मध्ये माझी मुलगी, मधल्या वर्तुळाकडेच हात दाखवत उभी.

खरं सांगते, मलाही वाटलं की लागला. मी तिची आई. तिने मला नियम शिकवले, मी तिच्याकडून ते पाठ करून घेतले. आणि तरी तो पडदा बघून माझ्या मनात आलं, की लागला गं, स्पष्ट लागला, मग ही का ऐकत नाही? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला. तो आला म्हणून मी आजही गार पडते. मामाचं गाव म्हणून तर नाही?

माझ्याच मनात आलं, तर तिथल्या हजारो लोकांच्या मनात का येणार नाही?

आलंच. मांडवाच्या मागून एक आवाज आला, "भाची हाय ती त्यांची! मघाशी मामाच सांगत होता!" तो आवाज पसरताना मी डोळ्यांनी पाहिला. माना वळत गेल्या. मग एकदम सगळे, "मामाला गोल दिला! मामाला गोल दिला!" दोरी कधी खाली पडली कळलं नाही. माणसं आत.

ती पळाली नाही. कडेला झेंडे घेऊन असलेल्या दोन्ही लाईनवाल्यांना बरोबर घेऊन ती सरळ पडद्यावाल्याच्या टेबलाकडे चालत गेली. चालत, बरं का, धावत नाही. माझ्या जागेवरून ऐकू येत नव्हतं, पण तिने पडद्याकडे बोट केलं आणि हात आडवा फिरवला, बंद. त्या पोराने अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी गर्दीकडे बघितलं. ती पडद्याकडे पाठ करून, हात मागे बांधून उभी राहिली. पडदा बंद झाल्याशिवाय लॅपटॉपवर बघणार नाही म्हणाली, असं लाईनवाल्याने नंतर सांगितलं.

पडदा काळा झाला. आणि गंमत बघा, तो काळा झाल्यावर लोक थोडे शांत झाले. बघायलाच काही उरलं नाही ना.

मग ती लॅपटॉपवर वाकली. किती वेळ वाकली होती, मला युगं वाटली. तिची पाठ दिसत होती फक्त. घामाने शर्ट चिकटलेला. मी त्या पाठीला म्हणत होते, बदल गं बाई. बदल. लागला म्हण आणि मोकळी हो. कुणी काही म्हणणार नाही. माहेरचे चार दिवस रुसतील, मी समजूत काढीन.

ती सरळ उभी राहिली. दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढला, म्हणजे व्हिडिओ बघून झाला. आणि मधल्या वर्तुळाकडे हात केला.

गोल कायम.

त्यानंतर जो आवाज झाला तसा मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. "पडद्याने आऊट दिलाय! ही कोण?" पाण्याची बाटली आली, तिच्या खांद्याला लागली. माणसं तिच्याभोवती. पिवळा शर्ट दिसेनासा झाला.

माझा भाऊ दोरीवरून आत जायला निघाला. बाह्या वर. त्याच्या मागे माझ्या माहेरचे दहा-बारा बाप्ये. मला काय सुचलं कोण जाणे, मी खुर्ची लाथाडून धावले आणि त्याच्या कमरेला मिठी मारली. माझ्या वयाच्या बाईने भर मैदानात असं केलेलं कुणी पाहिलं नसेल.

"बाय, सोड!"

"नाय सोडत."

"अगं मारतील तिला ते!"

"तू आत गेलास तर ती तुमची होईल. तुमची झाली की खोटी झाली. मग तिला कोण वाचवणार?"

"वेडी झालीस का? पोरगी हाय तुझी!"

"मारू देत," मी म्हटलं.

हे माझ्या तोंडून गेलं. वहिनी रडत होती, ती रडायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. भाऊही थांबला. मला वाटतं तो माझ्या बोलण्याने नाही, माझ्या हातांनी थांबला. ते त्याच्या कमरेभोवती असे आवळले होते की सुटतच नव्हते.

मी डोळे मिटून घेतले होते. म्हणून शिट्टी आधी ऐकली आणि मग बघितलं.

काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. गर्दीतून तिने बॉल स्वतः उचलला, मधल्या वर्तुळात नेऊन ठेवला आणि डोंगराकडच्या कॅप्टनला म्हणाली, "तुमची किक आहे. वाया गेलेला सगळा वेळ मी तुम्हाला देईन. बरोबरी करायची आहे ना? मग तुझी माणसं बाहेर काढ, मी शिट्टी वाजवते." तो पोरगा रागाने लाल होता. पण खेळणारा पोरगा तो. वेळ आहे म्हटल्यावर त्याला खेळायचं होतं. त्यानेच आपल्या काकांना, भावांना ढकलून बाहेर काढलं. "काका, बाहेर व्हा, मॅच हाय अजून!" तिने शिट्टी वाजवली आणि बॉल हलला. बॉल हलल्यावर मैदानात उभं राहायची कुणाला सोय राहत नाही. माणसं आपोआप कडेला गेली.

तिने वेळ दिला, खरंच दिला. त्या वेळात डोंगराकडच्या टीमने दोनदा गोलवर मारा केला. दोन्ही वेळा मी, त्या खाडीकडच्या गावची मुलगी, मनात म्हणत होते, होऊ दे गं बाई गोल, होऊ दे यांचा. झाला नाही. माहेर जिंकलं.

बंदोबस्ताला आलेल्या दोन पोलिसांनी तिला ऑफिसच्या खोलीत नेलं. मी तिथे पोचले तेव्हा ती बूट काढत होती. भाऊ बाहेर गाडी घेऊन उभा. "चला, घरी सोडतो." ती म्हणाली, "मामा, आज तुझ्या गाडीत नाही." त्याचं तोंड उतरलं. आम्ही मागच्या दाराने निघून एसटी स्टँडजवळून रिक्षा केली. हायवेला लागेपर्यंत मागे दोन मोटरसायकली होत्या. प्रत्येकीवर दोन दोन पोरं. मी तिची बॅग मांडीवर धरून बसले होते आणि त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवून सारखी बघत होते. रिक्षावाल्याला म्हटलं, जरा जोरात. तो म्हणाला, "मावशी, रिक्षा हाय, विमान नाय." एका वळणावर त्या मोटरसायकली पेट्रोल पंपात शिरल्या. आमच्या मागे होत्या की नुसत्याच त्या रस्त्याने जात होत्या, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

घरी आल्यावर तिच्या खांद्याला हळद लावताना मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

"खरं सांग. लागला होता?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं मी काय विचारतेय. रागावली नाही. उठली, ओट्यावर स्टीलचा एक ग्लास ठेवला आणि त्याच्या पुढे हवेत एक लिंबू धरलं. "एक डोळा मिट आणि समोरून बघ. लिंबू ग्लासाला टेकलंय?"

"टेकलंय."

"आता बाजूला ये."

मी बाजूला गेले. ग्लास आणि लिंबू यांच्यामध्ये माझा सगळा पंजा मावला असता.

"मी बाजूला होते, आई. कॅमेरा समोर होता. लॅपटॉपवर मी तो सावकाश बघितला, मग खऱ्या वेगाने बघितला, मग परत सावकाश. त्यात लागलेला दिसत नाही आणि न लागलेलाही दिसत नाही. नुसतं झाकलेलं दिसतं. आधीचा निर्णय बदलायचा तर चूक स्वच्छ दिसायला पाहिजे. नाही दिसली तर मैदानावर जे दिसलं तेच राहणार. तो नियम तूच माझ्याकडून पाठ करून घेतला होतास."

"मग तुझी खात्री आहे?"

"मला फट दिसली होती," ती म्हणाली. "आज बाजूचा कॅमेरा असता आणि त्यात लागलेला दिसला असता, तर मी सगळ्यांसमोर बदलला असता. मला त्याची लाज नाही वाटत. पण त्या पडद्याने माझ्या आधी निकाल दिला."

दुसऱ्या दिवसापासून ती क्लिप फिरायला लागली. कोपराभोवती लाल गोल काढलेला. पहिलेच चार सेकंद, तेच परत परत. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. एकाने लिहिलं होतं, घर बेलपाड्यात आहे, माहीत आहे आम्हाला. ते वाचल्यापासून मी दाराची कडी दोनदा बघायला लागले. अंगणात कुणी मोटरसायकल लावली की खिडकीतून आधी नंबर बघायची. मुलगी म्हणायची, "आई, तो दूधवाला आहे." असेल. पण दूधवाल्यालाही क्लिप आली असेल ना?

मंडळाचा सेक्रेटरी फोनवर म्हणाला, "ताई, चूक आमची. पोराचं बोट चुकलं. आमी ग्रुपवर टाकलंय तसं." टाकलं होतं. दोन ओळी. त्या दोन ओळी कुणी पुढे पाठवल्या नाहीत. लाल गोलाची क्लिप मात्र माझ्या पुण्याच्या नणंदेपर्यंत पोचली.

मला काही मोठी अक्कल नाही. पण इतके दिवस भीतीत बसलं की माणूस विचार करतो. व्हिडिओ वाईट नाही. माणसाचा डोळा चुकतो, रेफरीचाही चुकतो, मग दुसऱ्यांदा बघायला मिळालं तर चांगलंच. पण तो बघायचा कुणी? ज्याच्यावर निर्णयाचा भार आहे त्याने. आधी त्याने, एकट्याने, शांतपणे. आणि मग त्याने माइकवर येऊन सगळ्यांना सांगावं, मी काय बघितलं, मला काय दिसलं, काय नाही दिसलं, म्हणून हा निर्णय. त्यानंतर खुशाल लावा पडद्यावर. आपल्याकडे उलटं झालं. आधी हजार माणसांनी बघितलं, मग ओरडून ठरवलं, मग तिला सांगितलं, आता तू बघ. हे तिला मदत करणं नव्हे, गर्दीच्या हातात काठी देणं झालं. आणि सावकाश दाखवलेलं सगळंच गुन्ह्यासारखं दिसतं. मी माझ्या भावाला मिठी मारली ते कुणी सावकाश दाखवलं असतं तर लोक म्हणाले असते, म्हातारी भावाला मारतेय.

भाऊ आठवड्याने आला. ट्रॉफीचे पेढे घेऊन. मुलीने पेढा घेतला, पण म्हणाली, "मामा, आता तुमच्या गावची मॅच मी घेणार नाही. कुणी कितीही म्हणो."

"का गं? आमी काय केलं?"

"काहीच नाही केलंस, तरी एवढं झालं. म्हणूनच सांगते."

त्याला ते कळलं नाही. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "बाय, तू मला धरलंस. तिला काय झालं असतं तर मी तुला जन्मात माफ केलं नसतं." मी म्हटलं, "मीपण नसतं केलं." तो चहा न पिताच उठला. उंबऱ्यावर थांबला, चपला घालायला लागला, मग परत आत येऊन बसला आणि म्हणाला, "दे चहा." मी दिला. पण तेव्हापासून तो पूर्वीसारखा रोज फोन करत नाही.

गेल्या रविवारी तिला खारघरला एका शाळेच्या मैदानावर लहान पोरांच्या मॅच होत्या. सकाळी ती पिवळा शर्ट इस्त्री करत होती. मी विचारलं, "तिथे कॅमेरा आहे?"

"लहान पोरं आहेत गं. कसला कॅमेरा?"

"मग मोठा पडदा?"

"काहीच नाही. मी, शिट्टी आणि पोरांचे आईबाप."

हे ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. तिथे कुणी आईबाप उठले आणि म्हणाले, माझ्या पोराचा गोल होता, तर तिच्या बाजूने बघायला काय आहे? तिचा डोळा, बस. आणि कॅमेरा असता तर? तर दुसरी भीती. मी तिला म्हटलं, "थांब, मी पण येते."

"उन्हात बसून काय करणार?"

"बाजूला बसेन," मी म्हटलं. "समोर नाही बसत."

ती हसली. मी नाही हसले. साडी बदलली, पाण्याची बाटली घेतली, दाराची कडी दोनदा ओढून बघितली आणि तिच्या मागून चालायला लागले.